दोन टक्के, पण कशाचे?

गोव्यात बहुतेकांच्या मोबाईलवर हा मजकूर एव्हाना येऊन गेला असेल. म्हणणे थोडक्यात असे: म्हादई नदीत 188 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, कर्नाटक वळवणार फक्त 3.9, म्हणजे जेमतेम दोन टक्के. बाकीचे समुद्रात वाया जाते. गोव्याला मिळालेले 24 टीएमसीसुद्धा गोव्याला वापरता येत नाही. लवादाचा निकालही लागला, मग बोंब कशाला?

आकडे खरे आहेत. जललवादाने 14 ऑगस्ट 2018 च्या निवाड्यात 188.06 टीएमसी उपलब्धता धरली, कर्नाटकाला कळसा नाल्यातून 1.72 आणि भांडुरा नाल्यातून 2.18 टीएमसी मलप्रभा नदीत वळवायला मुभा दिली. भागाकारही बरोबर आहे, फक्त छेद चुकीचा घेतलाय. 188 हे सबंध खोऱ्याचे पाणी. खोरे 2032 चौरस किलोमीटरचे, त्यातले 1580 गोव्यात. खांडेपार, वाळवंटी या उपनद्या सगळ्या त्यात आल्या. पाणी उचलणार मात्र घाटमाथ्यावरच्या नाल्यांतून. चोर्ला घाट चढून बेळगावला जाताना कणकुंबी लागते. तिथला कळसा नाला बघा आणि मग ठरवा, खांडेपारचा पूर त्याच्या हिशेबात कसा मोजायचा. नाल्याला विचारायचे तर त्याच्या स्वतःच्या पाण्यातले किती टक्के जाणार, हे विचारावे लागेल. ते या मजकुरात कुठेच नाही.

आता ‘वाया’. दिवाडी-चोडणच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मे महिन्यात माती हातात घेतली तर बोटांना पांढुरके मीठ लागते. पावसाच्या पहिल्या सरींनी ते धुऊन निघाल्यावरच कोरगूट भात पेरता येते. ओहोटीला मानशीची (बांधातल्या पाणदाराची) झापे उघडून खारे पाणी बाहेर जाते, भरतीला ती आपसूक मिटतात. बाहेर गेलेले हे खारे पाणी समुद्राकडे लोटायला मांडवीला, म्हणजे खाली आलेल्या म्हादईलाच, वरून गोड्या पाण्याचा जोर लागतो. नदीच्या या कामाला ‘वाया’ म्हणणाऱ्याने खाजनात एकदा तरी चिखल तुडवावा. आणि गंमत बघा, हेच पाणी मलप्रभेत टाकले की ते कृष्णेतून बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते. तिकडे निघालेले पाणी मात्र वाया नाही!

ज्यांच्यासाठी हे पाणी वळवायचे त्या हुबळी-धारवाडची तहान खोटी नाही. तिची थट्टा करणारे आपल्याकडचे मेसेज मला आवडत नाहीत. पण मलप्रभेवर सौंदत्तीजवळ सुमारे 37 टीएमसीचे धरण आहे आणि त्याच नदीच्या पाण्यावर उसाचे मळेही भिजतात. त्यातले पिण्याला किती, उसाला किती, हा प्रश्न आधी तिथे सोडवायला हवा.

‘निकाल लागला, विषय संपला’ हे तर सरळ चुकीचे. निवाडा 27 फेब्रुवारी 2020 ला राजपत्रात आला, पण तो मान्य नाही म्हणून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र तिघेही सर्वोच्च न्यायालयात गेले. शिवाय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 29 प्रमाणे अभयारण्यात येणारा किंवा तिथून जाणारा पाण्याचा प्रवाह मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय वळवता येत नाही, आणि सत्तरीत 208 चौरस किलोमीटरचे म्हादई अभयारण्य आहे.

आपल्या बाजूचीही एक थाप इथेच खोडतो. ‘कर्नाटकाने 13 टीएमसी पळवले’ असे आपण ओरडतो. लवादाने कर्नाटकाला दिलेल्या 13.42 मधले 8.02 वीजनिर्मितीसाठी आहे, ते पाणी नदीतच परत सोडायचे. उरलेल्यातले खोऱ्याबाहेर जाणारे ते 3.9 च.

राहिले गोव्याला न वापरता येणारे 24 टीएमसी. हा मुद्दा झोंबतो, कारण तो निम्मा खरा आहे. साळावली धरण दाखवून चालत नाही, ते झुआरी नदीच्या खोऱ्यात. म्हादईच्या खोऱ्यात आपल्याकडे साठवण म्हणजे अंजुणे धरण आणि नदी-ओहोळांवरचे बंधारे. फोंडा-तिसवाडीला पाणी देणारा ओपा प्रकल्प थेट खांडेपार नदीतून उपसतो, म्हणजे नदी आटली की नळ आटला. आमच्या वाड्याखालच्या बंधाऱ्याला फळ्या वेळेवर बसतील याची खात्री नसते, आणि बसल्या तरी दोन फळ्यांमधून हात जाईल एवढी फट असते. गेल्या खेपेला आम्हीच गवताच्या पेंढ्या आणि माती कोंबून ती बुजवली.