'नुसती हमाली' म्हणणाऱ्या कमेंटला माझं उत्तर

रक्त पिणारे किडे चरबी कशी साठवतात, कशी वापरतात आणि त्यात प्रोटीनचं काम काय, या मागच्या लेखावर एक लांबलचक कमेंट आलीये. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेख इकडून तिकडून उचललेला वाटतो, ऱ्होडनियसला (लेखातला रक्त पिणारा दक्षिण अमेरिकन किडा) ढेकूण म्हणणं चूक आहे, हा किडा भारतात नाही मग त्याच्यावर लिहून उपयोग काय, आकृती दिसत नाही, आणि मग हे वाक्य: "चयापचय एन्झाइम करतात, बाकी प्रोटीन नुसती हमाली करतात, त्याला 'भूमिका' म्हणणं म्हणजे अडाणी वाचकांना भुलवणं."

आधी त्या 'अडाणी'बद्दल बोलतो, कारण बाकी सगळं मी एकवेळ गिळलं असतं. माझ्या लेखांखाली तालुक्याच्या कॉलेजातली बीएस्सीची पोरं प्रश्न विचारतात, शाळेतल्या बाई येतात, एक शेतकरी आहेत जे प्रत्येक लेखावर दोन ओळी तरी लिहितातच. यातलं कोण अडाणी? मराठीत विज्ञान वाचणारा माणूस म्हणजे त्याला काहीही खपवता येतं, असं तुम्ही गृहीत धरलंय. मला काय म्हणायचं ते म्हणा, माझं नाव आहे वर, पण वाचकांना मधे ओढायचं कारण नव्हतं. आणि हे स्वतःचं नाव न लिहिता म्हणायचं, याला काय म्हणावं ते मला खरंच कळत नाही.

ढेकणाचं म्हणाल तर मान्य. ऱ्होडनियस आणि आपला घरातला ढेकूण एकाच गणातले असले तरी कुळं वेगळी आहेत, लेखात 'ढेकणाचा लांबचा भाऊबंद' असं करून टाकलंय. आकृतीही मोठी करून टाकतो. झालं.

आता हमाली.

पहिली गोष्ट, एन्झाइम एका बाजूला आणि प्रोटीन दुसऱ्या बाजूला अशी वाटणी तुम्ही कुठून काढलीत? चरबीच्या चयापचयातले एन्झाइम हे प्रोटीनच आहेत, लायपेज प्रोटीन आहे, ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवायची चरबी, बांधणारे सगळे एन्झाइम प्रोटीन आहेत. म्हणजे तुमचंच वाक्य धरलं तरी काम प्रोटीनच करतायत. पण तुमचा रोख लायपोफोरिनवर, म्हणजे चरबी वाहून नेणाऱ्या प्रोटीनवर आहे हे मला कळतंय, म्हणून त्यावरच बोलू.

किड्याच्या अंगात आपल्यासारख्या रक्तवाहिन्यांचं जाळं नसतं, हिमोलिम्फ नावाचा द्रव अवयवांभोवती मोकळा फिरतो. तो पाण्यासारखा, आणि चरबी पाण्यात विरघळत नाही. मग आतड्यातून आलेली चरबी फॅट बॉडीपर्यंत जाणार कशी? (फॅट बॉडी म्हणजे आपलं यकृत आणि चरबीचा साठा दोन्हींचं काम करणारा अवयव, हे मागच्या लेखात आलंय.) ती जाते लायपोफोरिनवर बसून. आता आपल्याकडे काय होतं, एलडीएलचा, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारा, कण पेशीला चिकटला की पेशी त्याला अख्खा आत ओढते आणि त्यातलं प्रोटीन तोडून टाकते, एक फेरी आणि संपला. ऱ्होडनियसमध्ये लायपोफोरिन पेशीच्या पृष्ठभागावर येतो, चरबी देतो किंवा घेतो, आणि स्वतः न तुटता परत हिमोलिम्फमध्ये निघून जातो, पुढच्या फेरीला तयार. आतड्यातून उचल, फॅट बॉडीत दे, उद्या तिथूनच उचलून अंडाशयात दे. रिओ दी जानेरोच्या फेडरल युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी यावर कित्येक वर्षं घातलीत, रेडिओॲक्टिव्ह खूण केलेली चरबी वापरून ती कुठून निघाली आणि कुठं पोचली हे पाहिलंय. कुठं देणार, कधी देणार, हे त्या त्या अवयवाच्या पेशींवर आणि मादीनं रक्त पिऊन किती दिवस झालेत यावर ठरतं. हे ज्याला नुसतं ओझं वाहणं वाटतं त्यानं लेख शेवटपर्यंत वाचलेला नाही, मला दुसरं काही म्हणता येत नाही.

आणि हा हमाल काढून घेतला तर काय होतं तेही लेखात होतं, पण तुम्ही ते सोडून दिलंत. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनॉफेलिस गॅम्बी या डासात आरएनए इंटरफेरन्सनं (जनुकाचं काम थांबवण्याची पद्धत) लायपोफोरिन बंद केला तर अंड्यांची वाढ खुंटते, आणि वर मलेरियाच्या परजीवीच्या ऊसिस्टही (डासाच्या आतड्यावर वाढणाऱ्या गाठी) कमी होतात, कारण तोही डासाच्या त्याच चरबीवर डोळा ठेवून असतो. एक वाहक प्रोटीन गेलं आणि डासाची अंडी आणि परजीवी दोघांवर परिणाम झाला. मग भूमिका आणखी कशाला म्हणायचं?

एन्झाइम नसलेलं दुसरं उदाहरण घ्या. ऱ्होडनियसच्या फॅट बॉडीत साठलेली चरबी बाहेर सोडा हा निरोप आणतो अ‍ॅडिपोकायनेटिक हार्मोन, हा अगदी छोटा पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, आणि तो निरोप घेणारा रिसेप्टर हे पेशीच्या पडद्यातलं प्रोटीन. तो रिसेप्टर बंद पाडला की फॅट बॉडीत चरबी साठून राहते आणि हिमोलिम्फमधली कमी होते. माल भरपूर, एन्झाइमही जागेवर, पण निरोपच पोचत नाही म्हणून सगळं अडून बसलं. हे चयापचय नाही?

आणि माझं सगळ्यात आवडतं, जे मागच्या लेखात जागेअभावी एका ओळीत उरकलं होतं. माणसाच्या १०० मिलीलिटर रक्तात साधारण १८ ते २० ग्रॅम प्रोटीन असतं आणि चरबी एक ग्रॅमसुद्धा नसते. त्या प्रोटीनमधलं बहुतेक हिमोग्लोबिन. म्हणजे किड्याला स्वतःची चरबी बरीचशी अमिनो आम्लांपासून बनवावी लागते, आणि हिमोग्लोबिन पचवताना हीमचा, म्हणजे त्यातल्या लोह असलेल्या भागाचा, ढीग सुटतो. मोकळं हीम चरबीला सोडत नाही, तिचं ऑक्सिडेशन करून नासवतं. ऱ्होडनियस त्यातलं पुष्कळसं हीम आतड्यातच हिमोझोइनच्या स्फटिकात बांधून टाकतो, तरी थोडं हिमोलिम्फमध्ये येतंच. तिथं एक हीम पकडणारं प्रोटीन असतं, साधारण १५ किलोडाल्टनचं, छोटंसं. ते हीमला धरून ठेवतं आणि चरबी वाचवतं. रिओच्याच गटानं १९९५ मध्ये हे दाखवलं. ऱ्होडनियसचं हिमोलिम्फ गुलाबी दिसतं ते याच्यामुळं, आणि हेच प्रोटीन अंड्यातही भरलं जातं म्हणून अंडीही गुलाबी. हे प्रोटीन चरबी बनवत नाही, तोडत नाही, वाहतही नाही, राखण करतं. तुमच्या वाटणीत याला एन्झाइममध्ये घालायचं की हमालांत?

आता "इकडून तिकडून उचललेला" याबद्दल. मी पुण्यात डासांच्या इन्सेक्टरीत, म्हणजे प्रयोगासाठी डास पाळतात तिथं, काम केलंय. एडिस डासाच्या माद्यांना मेम्ब्रेनवरून, म्हणजे पातळ पडद्यातून, रक्त पाजायचं, पोटं टम्म लाल झालेल्या वेगळ्या काढायच्या, मग ठरलेल्या तासाला बर्फावर ठेवून सलाइनच्या थेंबात दोन बारीक सुयांनी पोट उघडायचं. फॅट बॉडी हाताला लागतच नाही आधी, पोटाच्या आवरणाला आतून चिकटलेल्या फिकट चुऱ्यासारखी असते, जरा घाई केली की विस्कटून पाण्यात तरंगायला लागते. नाइल रेड हा चरबीला धरणारा रंग टाकून फ्लुरोसेन्स मायक्रोस्कोपखाली धरली की चरबीचे थेंब एकेक गोल उजळून दिसतात. उपाशी मादीचं अंडाशय जवळपास पारदर्शक, आणि रक्त पिऊन दोन दिवस झालेल्या मादीचं उघडलं तर अंडी पिवळट पांढरी, गच्च भरलेली, पोटात मावत नाहीत. ती चरबी तिथं आपोआप चालत गेली नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला कोणी उचललेली म्हणतं तेव्हा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. तुम्ही कधी एका तरी डासाचं पोट उघडलंय का हो?

भारतात नसलेला किडा वगैरे मुद्द्याला एवढंच, व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी १९३० च्या दशकात लंडनमध्ये बसून याच दक्षिण अमेरिकन किड्यावर काम केलं आणि किड्यांची कात आणि हार्मोन यांबद्दलचं आपलं पुष्कळसं ज्ञान तिथून सुरू झालं. किडा लंडनचा नव्हता म्हणून कोणाचं काही अडलं नाही. यावर मी जास्त लिहिणार नाही.

कमेंट डिलीट करत नाहीये, राहू दे. खाली सौरभनं तुम्हाला जे उत्तर दिलंय त्यातली भाषा मात्र मी काढायला सांगितलीये, इथं कुणीच तशी वापरायची नाही. आणि तुम्हाला वाद घालायचाच असेल तर नेमका घाला: लायपोफोरिनशिवाय फॅट बॉडीतली चरबी ऱ्होडनियसच्या अंडाशयापर्यंत नेणारा एन्झाइम कोणता, तेवढं लिहा. पटलं तर लेखात तुमच्या नावानं टाकीन, फक्त नाव मात्र लिहा.