लाइनमनच घ्यायला हवा होता!

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ड्राफ्टवर, म्हणजे संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या सोहळ्यावर, अधिकारवाणीने बोलायचं असेल तर फुटबॉल कळलंच पाहिजे असं काही नाही. एक वाक्य तेवढं घोटून ठेवा: "अहो, यांनी लाइनमनच घ्यायला हवा होता!" ड्राफ्टची पहिली फेरी आपल्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होते. तेवढ्यासाठी झोपमोड करू नका. कोणाला निवडलं हे कळायच्या आधीही हे वाक्य चालतं.

लाइन म्हणजे क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या) पुढ्यात उभे राहून धक्के खाणारे पाच धिप्पाड गडी. सामना चालू असताना त्यांच्याकडे मात्र चुकूनही बघू नका. लाइनच्या डाव्या टोकाचा लेफ्ट टॅकल पाय मागे टाकत कसा सरकतो, कोणाचा पंजा कोणाच्या छातीवर आधी पडतो, हे एकदा दिसायला लागलं की मत द्यायला संकोच वाटतो. आपण चेंडूकडे बघावं.

सरावासाठी सिनसिनाटी बेंगल्स घ्या. २०२० मध्ये त्यांनी पहिल्याच क्रमांकावर क्वार्टरबॅक जो बरो उचलला. नोव्हेंबरात त्याचा गुडघा गेला. पुढच्या ड्राफ्टमध्ये पाचवा क्रमांक, आणि ऑरेगॉन विद्यापीठाचा टॅकल पेनेई सुएल समोर हजर. शेंबडं पोरही सांगेल काय करायचं ते! यांनी घेतला जमार चेस, बरोचा एलएसयू विद्यापीठातला जुना जोडीदार. पासेस झेलणारा! सुएल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला.

ऑगस्टच्या सराव सामन्यांत चेसच्या हातून चेंडू सुटायला लागले. कॉलेजच्या चेंडूवर पांढरे पट्टे असतात, इथल्या चेंडूवर नसतात, असं कारण त्याने दिलं. टीकाकाराच्या आयुष्यात असा महिना पुन्हा येत नाही, मनसोक्त बोलून घ्यावं. कारण पुढे त्याच पोराने पहिल्याच हंगामात १,४५५ यार्ड आणि १३ टचडाऊन केले, आणि संघ थेट सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात.

इथे कच्चा टीकाकार गप्प बसतो. तुम्ही सॅक मोजा. नियमित हंगामात बरो चेंडू फेकण्याआधीच ५१ वेळा आपटला गेला, लीगमध्ये सर्वाधिक. टेनेसीत प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीत, ९ वेळा. (तो सामना बेंगल्सने जिंकला, हे आपण होऊन सांगत बसू नका.) सुपर बोलमध्ये ७ वेळा, आणि हार २३-२० अशी.

त्यातला बेंगल्सचा शेवटचा डाव तर तोंडपाठच हवा. चौथा डाऊन म्हणजे शेवटची संधी, एक यार्ड हवा. प्रतिस्पर्धी रॅम्सचा ॲरन डोनाल्ड आत घुसला आणि बरोला धरून गरकन फिरवलं, चेंडू कसाबसा भिरकावला गेला. त्याच क्षणी तिकडे चेस रॅम्सच्याच जेलन रॅम्झीला मागे टाकून मोकळा धावत होता. लाइन टिकली असती तर! आता डोनाल्ड घुसला तो आतल्या गार्डच्या बाजूने, आणि सुएल खेळतो टॅकल, म्हणजे कडेला. असले तपशील रंगाचा बेरंग करतात. सुएल आलेल्या डेट्रॉइटने त्या हंगामात सामने जिंकले तीन, तेही तसंच सोडून द्या.

पुढची वर्षं आपल्याच बाजूची. सुएल ऑल-प्रो झाला, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत आला: बघा, म्हटलं नव्हतं? २०२४ मध्ये चेस झेल, यार्ड, टचडाऊन तिन्हींत लीगमध्ये पहिला आला, पण संघ प्लेऑफबाहेर: बघा, म्हटलं नव्हतं? उलटा निकाल लागू शकेल असा सामना कधी खेळलाच जात नाही, ही या धंद्यातली मोठी सोय.

फक्त एका माणसापासून सावध राहा. तो शांतपणे विचारेल, "पण त्या २०२१ च्या ड्राफ्टमध्येच बेंगल्सने दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या फेरीत मिळून तीन लाइनमन घेतले होते ना?"

गडबडू नका. चहाचा एक घोट घ्या, आणि म्हणा, "घेतले हो. पण चुकीचे घेतले."