प्रसादाला कसली आलीय अ‍ॅलर्जी?

आरती संपली. मी चपला शोधायला वाकले, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी माझ्या मुलाच्या तोंडात पेढा कोंबला. अख्खा. वर पळीभर पंचामृत.

"काकू, अहो त्याचं दूध बंद आहे!"

"पेढा आहे गं तो. दूध कुठंय त्यात?"

"खवा म्हणजे आटवलेलं दूधच की."

"आटलं म्हणजे गेलंच ना दूध!" काकूंनी रसायनशास्त्र एका वाक्यात आटपलं. "आणि गाईचं आहे. नसेल सोसत तर शेळीचं दे. गांधीजींना सोसायचं."

गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात, की एकाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना बाकीचीही चालत नाहीत, असं मी म्हणाले. काकूंनी ते माशी वारावी तसं वारलं.

"मग ए-टू घे. माझा भाचा आणून देतो घरपोच."

ए-टू दुधातही केसीन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, असतंच, फक्त त्यातल्या बीटा-केसीनचा प्रकार वेगळा. पण भाच्याच्या धंद्यावर कोण बोलणार?

दूध बंद करणं ही हौस नसते हो. संशयित पदार्थ एकच निवडायचा, तो दोन ते चार आठवडे पूर्ण बंद ठेवायचा, आणि वहीत लिहायचं: काय खाल्लं, किती, किती वाजता, पोट कधी फुगलं, शी कशी झाली, कोपराच्या खाचेत पुरळ किती. दूध सोडायचं म्हणजे बिस्किटांच्या पुड्यावरचे मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसिनेट हेही सोडायचं. (गहू बंद करणाऱ्या आयांनो, बांधानी हिंगाची डबी वाचा. त्यात बहुधा कणीक किंवा मैदा असतो. आणि सिलिअ‍ॅकचा, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेननं आतडं बिघडवणाऱ्या आजाराचा, संशय असेल तर रक्ततपासणीआधी गहू अजिबात थांबवू नका, तपासणी खोटीच नॉर्मल येऊ शकते.) फरक पडला नाही तर पदार्थ निर्दोष, तो परत द्यायचा. फरक पडला, तरी थोडा थोडा परत देऊन त्रास उलटतो का ते बघायचं. ही शेवटची पायरी सगळे गाळतात आणि मूल उगाच वर्षानुवर्षं नाचणीवर काढतं. ओठ सुजणं, उलट्या, धाप असं पूर्वी झालं असेल तर मात्र ही पायरी घरी नाही, डॉक्टरांसमोरच.

आणि मधेच कुणी पेढा कोंबला, तर गणती पुन्हा पहिल्यापासून.

"एवढा व्याप कशाला? आमच्या मुलीनं नातीची टेस्ट केली. एका थेंबात दोनशे पदार्थ!" काकूंनी फोनवर रिपोर्ट दाखवला. लाल रंगात गहू, तांदूळ, तूरडाळ, टोमॅटो, हळद. ही आयजीजी चाचणी. आयजीजी हे रक्तातलं एक प्रतिपिंड; ते सापडलं म्हणजे शरीरानं तो पदार्थ पाहिलाय, इतकंच. नात महाराष्ट्रात जेवते हे त्या रिपोर्टवरून सिद्ध झालं, आणि त्यासाठी मुलीनं काही हजार मोजले. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना ही चाचणी करू नका असंच सांगतात. आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीतलं प्रतिपिंड शोधणारी चाचणी, वेगळी, पण तीही पॉझिटिव्ह आली म्हणजे खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. खाऊन काय होतं ते बघावंच लागतं. दूध प्यायल्यावर पोट गुडगुडतं पण दही पचतं, तर दोष बऱ्याचदा प्रथिनाचा नसतो, लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा असतो, आणि जुलाबानंतर तो तात्पुरताही असतो. हे दोनशे पदार्थांच्या लाल-हिरव्या यादीत कुठेच येत नाही. वही लिहिणारी आई मात्र वेडी.

सकाळी नऊला काकू दारात. "झालं का काही पोराला? नाही ना? बघ!"

अंगावर गांधी उठायच्या असतील तर त्या दोन तासांत उठतात. माझ्या मुलाचा त्रास उशिराच्या जातीचा, त्याला दोन दिवसही लागतात. हे मी सांगत होते तोवर काकू विजयी मुद्रेनं जिना उतरून गेल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, कोपर लाल झाले. काकूंना जिन्यात कळलंच.

"दृष्ट लागली गं! मीठ-मोहरी ओवाळून टाक."

मोहरी युरोपातल्या सक्तीनं छापायच्या १४ अ‍ॅलर्जनच्या यादीत आहे, हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं नाही. नाहीतर त्यांनी भाच्याकडून ए-टू मोहरी मागवली असती.