दही वाटीतच बरं

बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. सार असं: अंगावरून पांढरं जातंय, खाज येतेय म्हणजे बुरशी झाली. ती उष्णतेनं आणि अस्वच्छतेनं होते. आत दही लावा, सोड्याच्या पाण्यानं धुवा, गोड बंद करा. डॉक्टरकडे जायची गरज नाही. मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी असते. हा संदेश वाचून आलेल्या बायका मलाच भेटतात, म्हणून हे लिहितेय.

‘पांढरं जातंय म्हणजे बुरशी.’ पहिल्याच वाक्यात घोळ. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत पातळ, तार सुटणारा, अंड्याच्या पांढऱ्यासारखा स्राव जाणं नेहमीचं आहे. त्यानं हाडं झिजत नाहीत, आमच्या आज्या काहीही म्हणोत. बुरशी, म्हणजे बहुतेक वेळा कॅन्डिडा, झाली की खाज मुख्य; झोपमोड होईल इतकी. स्राव घट्ट, फाटलेल्या दुधासारखा. वास जवळजवळ नाही. बाहेरची कातडी लाल होते, तिला लघवीचा स्पर्श झाला की चरचरतं. माशासारखा वास येत असेल तर बहुधा जिवाणूंचा प्रकार. फेसाळ, पिवळट-हिरवट जात असेल तर ट्रायकोमोनासची, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एका परजीवीची, शंका घ्यावी, आणि तो निघाला तर नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात. बुरशीचं औषध या दोन्हींवर चालत नाही.

वर्णन वाचून मात्र खात्री धरू नका. २००२ साली अमेरिकेत, बुरशीचं औषध दुकानातून आपलं आपण घेणाऱ्या ९५ बायकांची तपासणी झाली. नुसती बुरशी निघाली जेमतेम तिघींतल्या एकीला.

‘अस्वच्छतेनं होते.’ माझा अनुभव उलटा. तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणी दिवसातून तीनदा साबण लावणाऱ्या असतात, काही तर डेटॉलसुद्धा. योनीच्या आत मुळात आम्लता असते, पीएच साधारण ३.८ ते ४.५, तिथले लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जिवाणू ती राखतात. सोडा नेमकी तीच मारतो. बाहेरून साधं पाणी पुरे, आत काहीच नको.

दह्याचं म्हणाल तर दह्यातले जिवाणू आणि योनीतले जिवाणू एका कुळातले असले तरी सख्खे नव्हेत. शेजारणीच्या विरजणात आणखी काय काय आहे, देव जाणे. लसणाची पाकळी ठेवणाऱ्याही भेटल्यात. कातडी भाजते, दुसरं काही नाही.

‘गोड बंद करा.’ मधुमेह नसेल तर लाडू खाल्ल्यानं बुरशी होत नाही. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. एक काकू चौथ्यांदा क्रीम न्यायला आल्या, तेव्हा मी त्यांची शुगरची चिठ्ठी मागितली. डापाग्लिफ्लोझिन.
“काकू, ही गोळी कधीपासून?”
“झाले चार-पाच महिने.”
खाजही तेव्हापासूनचीच. ही गोळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकते, आणि त्या साखरेवर बुरशी पोसते. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, पण डॉक्टरांना हे सांगायलाच हवं. अँटिबायोटिकचा कोर्स, गरोदरपण, स्टिरॉइड हीही नेहमीची कारणं. उष्णता त्यात कुठेच नाही.

खरी बुरशी असली तर उपाय सोपा: योनीत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या, नाहीतर फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम, तोंडानं, एकदाच. गरोदर बाईनं फ्लुकोनॅझोल घेऊ नये. एक मुलगी क्लोट्रिमॅझोलची गोळी पाण्याबरोबर गिळून आली होती. देणाऱ्यानं लाजून सांगितलंच नव्हतं. आणि ती तीन-तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब मागू नका. दोन दिवसांत खाज थांबते ती त्यातल्या स्टिरॉइडमुळे. पुढे कातडी पातळ होते, आजार तिथेच.

‘डॉक्टरकडे जायची गरज नाही.’ पहिलीच वेळ असेल, गरोदर असाल, ओटीपोट दुखून ताप असेल किंवा वर्षात तीनदा झालं असेल, तर गरज आहे. पैशांची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातलं सुरक्षा क्लिनिक, म्हणजे अशाच संसर्गांसाठीचा सरकारी दवाखाना, विचारा, तिथे मोफत बघतात. थोडा स्राव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशीचे धागे बऱ्याचदा तिथल्या तिथे दिसतात. दही विरजायला त्याहून जास्त वेळ लागतो.