रक्त पोस्टला टाकू

पिट्सबर्गजवळच्या आमच्या मन्रोव्हिलच्या मॉलमध्ये १९७७-७८च्या हिवाळ्यात दुकानं बंद झाली की रात्रभर मुडदे फिरायचे. 'डॉन ऑफ द डेड'चं शूटिंग. मेकअप टॉम सॅव्हिनीचा. हा पिट्सबर्गचाच माणूस व्हिएतनाममध्ये लष्करी छायाचित्रकार होता, खऱ्या जखमा पाहून आलेला. तरी पडद्यावर त्याचं रक्त रंगपंचमीसारखं भडक उतरलं. त्याला ते खटकलं, दिग्दर्शक रोमेरोला मात्र कॉमिक्ससारखं म्हणून आवडलं. मलाही ते खोटं दिसतं, आणि तरीही पोटात ढवळतं.

हे आठवायचं कारण पुतण्या. पुण्यात तो एका छोट्या मराठी भयपटाला सहायक आहे. परवा म्हणाला, "काका, रक्त पोस्टला टाकायचं ठरलंय, म्हणजे शूटिंगनंतर कॉम्प्युटरवर. इथे सगळे म्हणतात, बजेट नसेल तर मराठीत हॉरर होतच नाही."

त्या 'होतच नाही'शी माझं भांडण आहे. १९९३चा 'झपाटलेला' घ्या. रामदास पाध्यांचा एक बाहुला, आणि आमच्या चाळीतली पोरं महिनाभर रात्री एकटी संडासला जाईनात. इथे रोमेरोचाच १९६८चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये झाला. चित्र कृष्णधवल, म्हणून रक्ताच्या जागी चॉकलेट सिरप! हाताने लावलेलं रक्त केसांत चिकटतं, कपड्यात मुरतं, दिवा हलला की चमकतं. नटाला शहारायला समोर काहीतरी असतं. कॉम्प्युटरवरचं स्वस्त रक्त उडतं ते हवेतच विरतं. फरशी कोरडी ती कोरडीच.

पुतण्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला गप्प केलं. "वाडा भाड्याचा आहे, काका. फरशीवर डाग पडला की डिपॉझिट गेलं. हिरॉइनची साडी एकच, रीटेकला काय नेसवू? पाकाच्या रक्ताला मुंग्या लागतात त्या वेगळ्याच."

खरंच होतं. रोमेरोला मिळालेलं शेतावरचं घर पाडायचंच होतं. भिंतीवर काहीही फेका. इथून सल्ले देताना आम्ही हे सोयीस्कर विसरतो.

पण एक गोष्ट पैशाची नाही. इथे जवळच मोनेसन गावात सॅव्हिनीच्या नावाने मेकअपचा अभ्यासक्रम चालतो. पुतण्याच्या युनिटमधल्या मेकअपदादांना मात्र स्क्रिप्टसुद्धा दिलेली नाही. सकाळी सातला बोलवायचं आणि सांगायचं, "दोन जखमा करा." अरे, पंधरा दिवस आधी त्यांच्याबरोबर बसा. तीनच शॉट निवडा, तेवढ्यांना खरं रक्त. बाकीचं टाका पोस्टला. केकवाल्यांच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं. त्यात खायचा लाल रंग, चिमूटभर कोको. मालकाच्या फरशीवर प्लास्टिक अंथरा.

एवढ्यात वहिनी फोनमध्ये डोकावल्या. "भाऊजी, ट्रायल आमच्याच गच्चीवर घेणारेत म्हणे. डाग निघतो ना?"

"भांडी घासायचं लिक्विड थोडं मिसळायला सांगा. रंगीतवरून निघतो."

"आणि पांढऱ्यावरून?"

"त्या दिवशी पांढरं वाळत घालू नका."