चुंबक, पॉलिश पेपर आणि 'अस्सल जपानी' कात्री

सलून व्यावसायिकांच्या व्हॉट्सॲप गटांमधून सध्या एक मजकूर जोरात फिरतो आहे. 'अस्सल जपानी कात्री ओळखण्याच्या सहा खुणा' असे त्याचे शीर्षक आहे आणि खाली लिहिणाऱ्याचे नाव नाही. त्यातले दावे थोडक्यात असे: लोहचुंबक चिकटला तर कात्री बनावट, पात्यावर '४४०सी जपान' (४४०सी ही पोलादाची एक जात) असे कोरलेले असेल तर ती हमखास अस्सल, जपानी कात्रीला आयुष्यभर धार लावावी लागत नाही आणि लागलीच तर पॉलिश पेपर कापावा किंवा कोणत्याही धारवाल्याकडे द्यावी, पात्यावर लाटांसारखी नक्षी म्हणजे सामुराई तलवारीचे पोलाद, ती कधी गंजत नाही, म्हणून तेलपाण्याची गरज नाही, आणि कात्रीत डावी-उजवी असे काही नसते, डावखुऱ्याने ती उलटी धरली की काम झाले.

माझा भाचा जुळे सोलापुरातल्या एका सलूनमध्ये कारागीर आहे. लग्नसराईत मिळालेले पैसे बाजूला टाकून तो स्वतःची पहिली चांगली कात्री घेण्याच्या बेतात आहे आणि त्याने हा मजकूर मला पाठवून विचारले, "मामा, दुकानात जाताना चुंबक घेऊन जाऊ का?" त्याच्यासारखी किती मुले हा मजकूर खरा मानून महिन्यांची बचत दुकानदाराच्या हातात ठेवतील, या विचाराने मला राहवले नाही. केस कापण्यावरच ज्याचे पोट आहे, त्याला असले ज्ञान वाटणाऱ्यांनी पुढे पाठवण्याआधी एकदा तरी विचार करायला हवा होता.

चुंबकाच्या खुणेचे मूळ आपल्या स्वयंपाकघरात आहे. स्टीलचे भांडे घेताना चुंबक चिकटत नाही ना, हे आपल्याकडे घरोघरी पाहिले जाते आणि भांड्यांपुरते ते बऱ्याच अंशी ठीकही आहे. कारण ज्याला आपण चांगले स्टील म्हणतो, त्या ३०४ जातीच्या पोलादात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते आणि त्याला चुंबक धरत नाही. पण याच पोलादाचा दुसरा गुणधर्म असा की ते तापवून आणि एकदम थंड करून कठीण करता येत नाही. म्हणजे त्याला पाणी चढत नाही, आणि ज्याला पाणी चढत नाही त्याची केस कापणारी, टिकणारी धार होत नाही. कात्रीसाठी लागते ते भरपूर कार्बन असलेले पोलाद. ४४०सीमध्ये साधारण एक टक्का कार्बन आणि १६ ते १८ टक्के क्रोमियम असते. व्हीजी-१० या जपानी पोलादात सुमारे एक टक्का कार्बन, १५ टक्के क्रोमियम आणि जोडीला थोडे कोबाल्ट व मॉलिब्डेनम. ही पोलादे हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवून झपाट्याने थंड केली की त्यांची अंतर्गत रचनाच बदलते आणि ती रचना जशी कठीण असते तशीच चुंबकाला ओढणारीही असते. याचा अर्थ, फिरणाऱ्या मजकुराप्रमाणे चाचणी घेतली तर जवळजवळ प्रत्येक चांगली जपानी कात्री बनावट ठरेल आणि चमच्याच्या पोलादाची मऊ कात्री अस्सल म्हणून घरी येईल. स्टेलाइटसारख्या कोबाल्टप्रधान मिश्रधातूंच्या काही महागड्या कात्र्यांना चुंबक चिकटत नाही, एवढे मी मान्य करतो, पण त्या फार थोड्या आहेत आणि नवख्या कारागिराच्या वाटेला सहसा येत नाहीत. चुंबक घरीच राहू द्यावा.

'४४०सी जपान' या शिक्क्याबद्दलची समजूतही अशीच घातक आहे. ४४०सी हे नाव मुळात अमेरिकन वर्गवारीतले आहे. जपानच्या औद्योगिक मानकात त्याच जातीला एसयूएस ४४०सी म्हणतात आणि या प्रकारचे पोलाद आज अनेक देशांत तयार होते. ते वाईट नाही, नीट पाणी दिले तर त्याची कात्री उत्तम चालते. पण कोरलेली अक्षरे त्या पात्याला पाणी कसे दिले हे सांगत नाहीत आणि कात्री कोठे घडली हे तर मुळीच सांगत नाहीत. 'जपानी पोलाद' आणि 'जपानमध्ये तयार' या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पोलाद जपानमधून आणून कात्री चीनमध्ये किंवा पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये घडवली, तरी पात्यावर 'जपान स्टील' असे लिहिता येते. तशी कात्रीही चांगली निघू शकते, फक्त तिच्यासाठी जपानी कात्रीचे पैसे मोजू नयेत.

मग ओळखायचे कसे? यासाठी कायद्यानेच सोय करून ठेवली आहे. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ यांनुसार परदेशातून आणलेल्या बंद पाकिटातल्या मालावर ती वस्तू ज्या देशात तयार झाली त्या देशाचे नाव आणि आयातदाराचे नाव व पत्ता छापणे बंधनकारक आहे. ऑनलाइन विक्रीलाही हा नियम लागू आहे आणि ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० मध्येही मूळ देश जाहीर करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकलेली आहे. तेव्हा पात्यावरची अक्षरे वाचण्यापेक्षा खोका उलटा करून त्यावरचा मजकूर वाचावा. खोकाच नसेल, कात्री साध्या प्लास्टिकच्या पाकिटातून काढून हातावर ठेवली जात असेल आणि 'पक्के बिल कशाला, विश्वास ठेवा' असे उत्तर मिळत असेल, तर तेथून निघून यावे. बिलावर उत्पादकाचे नाव, मॉडेल आणि मूळ देश लिहून मागावा; खोटे लिहिलेले आढळले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. जोवेल (१९१७ पासूनची), सेकी शहरातल्या काई समूहाची काशो, नारा प्रांतातली यासाका अशा जपानी उत्पादकांच्या मॉडेलांच्या याद्या त्यांच्या संकेतस्थळांवर आहेत. त्यांत नसलेले मॉडेल त्यांच्या नावाने विकले जात असेल तर संशय घ्यावा. या कात्र्या परदेशात शेकडो डॉलरना विकल्या जातात, त्यामुळे दीड-दोन हजारांत नवी कोरी 'मेड इन जपान' मिळते यावर विश्वास ठेवू नये. उलट बाजूने, पंधरा हजार मोजले म्हणजे ती जपानचीच, असेही नाही.

आता ज्या दाव्यामुळे मी हे लिहायला बसलो, त्याकडे येतो. 'आयुष्यभर धार लागत नाही, लागलीच तर पॉलिश पेपर कापा' या एका वाक्याने जितक्या कात्र्या वाया जातील तितक्या बाकीच्या पाच दाव्यांनी मिळून जाणार नाहीत.

जपानी पद्धतीची चांगली कात्री मिटून खिडकीच्या उजेडासमोर आडवी धरून पाहावी. दोन पात्यांच्या मध्ये स्क्रूपासून टोकापर्यंत एक बारीक फट दिसते आणि पाती फक्त टोकाशी टेकलेली असतात. हा दोष नाही, ती तशीच घडवलेली असते. पाती किंचित बाकदार असल्यामुळे कात्री मिटत जाते तसा दोन धारांचा स्पर्शबिंदू स्क्रूकडून टोकाकडे सरकत जातो आणि एका वेळी त्याच एका बिंदूवर केस कापला जातो. मग कात्री उघडून पात्याची आतली बाजू तिरप्या उजेडात पाहावी. ती सपाट नसून मध्ये हलकीशी खोलगट असते आणि धारेच्या कडेने केसाएवढी अरुंद, आरशासारखी चकचकीत रेघ टोकापर्यंत सलग गेलेली दिसते. दोन्ही पाती एकमेकांवर घासतात ती या रेघेवर. बाहेरची बाजू फुगीर असून ती उतार न दिसता धारेत मिसळते. आतला खोलगटपणा, ती रेघ आणि बाहेरचा फुगवटा या तिन्हींमुळेच कात्री केसांवरून सरकवत कापता येते आणि गिऱ्हाइकाला ओढ बसत नाही.

पॉलिश पेपरवर चिकटवलेले कण हे घासण्यासाठीच असतात आणि ते पोलादालाही ओरखडतात. कात्रीने तो कापला की ते कण थेट दोन धारांच्या मध्ये येतात, त्या चकचकीत रेघेवर ओरखडे पाडतात आणि धारेला बारीक दाते पाडतात. हे दाते सुरुवातीला केसांना पकडतात, त्यामुळे दिवसभर कात्री 'चावते आहे' असे वाटते आणि माणूस समजतो की धार आली. दोन दिवसांत केस ओढले जाऊ लागतात, दुमडून पात्यांच्या मध्ये जातात, आणि सरकवत कापणे तर अशक्यच होऊन बसते. ॲल्युमिनियमची फॉइल कापण्याचा सल्ला काही जण देतात, तोही टाळावा. त्याने मऊ धातू धारेला माखतो, धार तयार होत नाही.

धारवाल्याचे प्रकरण याहून गंभीर आहे. सोलापुरात गणवेश आणि तयार कपडे शिवण्याचा मोठा धंदा आहे, त्यामुळे शिंप्याच्या कात्र्यांना धार लावणारे कसबी लोक आपल्याकडे आहेत आणि त्यांच्या कौशल्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण कपड्याच्या कात्रीची धार ही बाहेरून दिलेल्या स्पष्ट उताराची असते. त्याच हाताने, त्याच कोरड्या सहाणेच्या चाकावर केस कापण्याची कात्री धरली की बाहेरचा फुगवटा जाऊन तेथे उतार येतो, ठिणग्या उडतात तेव्हा धार इतकी तापते की पात्याचे पाणी उतरते, आणि आतली बाजू 'साफ' करण्यासाठी चाकाला टेकवली तर तो खोलगटपणा कायमचा जातो. धारेशी निळसर झाक दिसली तर तेवढा भाग भाजून मऊ झाला असे समजावे. तेथे पुन्हा कितीही धार लावली तरी ती टिकत नाही. गेलेला धातू परत येत नाही, त्यामुळे अशी कात्री नंतर चांगल्या कारागिराकडे नेली तरी त्याच्याही हाती फारसे काही उरत नाही.

या कात्रीची धार पाणी सोडलेल्या सपाट तबकडीवर किंवा दगडावर, फुगवटा राखत, आतून अगदी कमी घासून लावावी लागते. जपानी कात्री धार जास्त काळ धरते, एवढे त्या मजकुरातले मी मान्य करतो. पोलाद कठीण असल्याने ते होणारच. पण रोज केस कापणारी कोणतीही धार झिजते. म्हणून भाच्याला मी सांगितले की दुकानदाराला किंमत विचारण्याआधी हे विचार: धार कोण लावणार, कशावर लावणार, सोलापुरात की पुण्या-मुंबईला पाठवून, आणि तोवर हाताशी दुसरी कोणती कात्री असेल? आणि घेण्याआधी ओल्या टिश्यू पेपरची पट्टी सावकाश, एका दमात टोकापर्यंत कापून पाहा. कागद कोठे दुमडला किंवा अडला, तर धारेत तेथे खोट आहे.

नक्षी आणि गंज यांचा निकाल एकत्रच लावता येतो, कारण ते दोन दावे एकमेकांनाच खोडून काढतात. जपानी तलवारीचे पारंपरिक पोलाद स्टेनलेस नाही, ते गंजते. तेव्हा कात्री तलवारीच्या पोलादाची असेल तर ती गंजणारच. प्रत्यक्षात त्या लाटा म्हणजे वेगवेगळ्या पोलादांचे थर एकत्र करून आम्लाने उठवलेली नक्षी असते, किंवा स्वस्त मालावर नुसती लेझरने काढलेली. कापण्याचे काम धारेचे पोलाद करते, नक्षी करत नाही. आणि कठीण स्टेनलेसही गंजते, कारण त्यातले काही क्रोमियम कार्बनशी बांधले गेल्याने ते भांड्याच्या स्टीलपेक्षा गंजाला लवकर बळी पडते. केसांचा रंग, ब्लीच, निर्जंतुकीकरणाचे क्लोरिनयुक्त द्रव आणि बोअरच्या पाण्याचे क्षार पात्यावर तसेच सुकू दिले तर बारीक खड्डे पडतात. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर कोरड्या मऊ कापडाने पुसणे आणि रात्री स्क्रूपाशी तेलाचा एक थेंब सोडणे, याला दोन मिनिटे लागतात.

राहिला डावखुऱ्यांचा दावा, आणि माझा भाचा डावखुरा आहे. कात्री उलटी धरल्याने तिची बाजू बदलत नाही. टोके समोर करून उघडी धरली असता उजव्या हाताच्या कात्रीत उजवीकडचे पाते वर असते. ती कशीही फिरवली तरी तसेच राहते. डाव्या हाताच्या कात्रीत डावीकडचे पाते वर असते. उजव्या हाताचा अंगठा आणि बोटे मिटताना सहज जो जोर देतात, त्याने उजव्या कात्रीची पाती एकमेकांवर दाबली जातात. तोच जोर डाव्या हाताने दिला की पाती एकमेकांपासून दूर होतात, केस मध्ये दुमडतो आणि कारागीर नकळत अंगठा आत ओढून ती उणीव भरून काढू लागतो. दिवसभर असे काम केले की अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटात कळ येऊ लागते. शिवाय वरचे पाते आड येत असल्याने कापण्याची रेघही नीट दिसत नाही. डाव्या हाताच्या कात्र्या जपानी उत्पादक बनवतात; काही वेळा त्या मागवाव्या लागतात आणि वाट पाहावी लागते. मात्र काही कात्र्यांत फक्त मुठीचा आकार डाव्या हाताचा केलेला असतो आणि पाती उजव्याच मांडणीची राहतात, म्हणून पैसे देण्याआधी कात्री समोर उघडी धरून वरचे पाते कोणत्या बाजूचे आहे, हे भाच्याने स्वतः पाहून घ्यावे.