खुलासा : ते भरीव सोनं नव्हे
१८व्या शतकातल्या फ्रेंच दगडी कलशांचे फोटो सध्या ‘भरीव सोन्याचे कान असलेले राजेशाही फ्लॉवरपॉट’ या ओळीसह फिरत आहेत. सोनं भरीव नाही. कान, पट्ट्या, बैठक सगळं ओतीव कांस्य. वर फक्त मुलामा. सोनं पाऱ्यात कालवून लेपायचं आणि तापवायचं : पारा उडून जातो, सोनं धरून राहतं. ती वाफ कारागिरांच्या जिवावर उठे, पण ते कोणी फॉरवर्ड करत नाही! पिएर गुतिएर हा या कामातला उस्ताद. त्याचं काम असलेल्या, ड्यूक द’ओमाँ या फ्रेंच उमरावाच्या संग्रहाचा १७८२मध्ये लिलाव झाला, तेव्हा फ्रान्सचा राजा सोळावा लुई यानेही त्यात खरेदी केली. आणि फुलं? बरेचसे कलश निव्वळ शोभेचे. काहींचं तर झाकणही उघडत नाही.